गालिच्यावरचा खांब : प्रस्तावना

छायाचित्रणाची पहिली यशस्वी पद्धत १८३९ साली जगापुढे आणणारा लुई दागेर धंद्याने नाटकाचे पडदे रंगवणारा होता. १८२२ मध्ये पॅरिसला त्याने एका भागीदाराबरोबर ‘दिओरामा’ नावाचे प्रेक्षागृह काढले. तिथे नट नसत आणि संवादही नसत. दोन्ही बाजूंनी रंगवलेले अवाढव्य पडदे आणि त्यांवर कधी पुढून, कधी मागून सोडलेला उजेड, एवढाच खेळ. उजेडाची झडप फिरली की दिवसाचे रिकामे चर्च बघता बघता मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी माणसांनी भरून जाई, आणि लोक पैसे मोजून ते पाहायला येत. मार्च १८३९ मध्ये हे प्रेक्षागृह जळून खाक झाले. दागेरच्या नव्या शोधाची बातमी त्याआधी दोनच महिने बाहेर फुटली होती.

छायाचित्रणाच्या इतिहासात हा तपशील पहिल्याच पानावर येतो आणि तिथेच सोडून दिला जातो. या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम त्याच्यापासून केली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या स्टुडिओतले खोटे खांब, कापडावरची तळी आणि लगद्याचे खडक पाहिले की आजच्या माणसाला वाटते, अस्सल वास्तव टिपणाऱ्या यंत्राच्या तोंडापुढे हा नाटकीपणा कुठून आला? तो बाहेरून आलेला नव्हता, घरातलाच होता.

पुढच्या पानांवरची चित्रे एकामागून एक चाळली, तर माणसांआधी सामानाचीच ओळख पटू लागते. १८६० च्या सुमारास कठडा, खांब आणि बाजूला ओढलेला जड मखमली पडदा. १८७० नंतर सालीसकटच्या लाकडांचे गावंढळ कुंपण, छोटा पूल, पायरी. १८८० च्या दशकात झोपाळा, झुला, आगगाडीच्या डब्याची खिडकी. शतक संपता संपता कुंड्यांतले ताड, भुसा भरलेला काकाकुवा आणि सायकल. ही विभागणी काटेकोर नाही. लहान गावचा फोटोवाला लंडनच्या मागे दहा वर्षे असे, आणि एकदा घेतलेला कठडा मोडेपर्यंत वापरी. तरी एकूण चाल हीच. आधी राजवाडा, मग गाव, मग सहल आणि शेवटी परदेश.

या सगळ्याला त्या काळातले लोकही हसत होते. लुईस कॅरल स्वतः उत्तम छायाचित्रकार. त्याने १८५७ मध्ये एका विडंबनकवितेत फोटो काढून घेणाऱ्या कुटुंबाची टर उडवली आहे, आणि त्यात खांब आणि मखमली पडदा आहेच. १८६० च्या दशकातल्या एका इंग्रजी व्यावसायिक नियतकालिकाने तर अगदी गवंड्यासारखा आक्षेप घेतला. चित्रकार खांब रंगवतात तेव्हा तो निदान शक्य वाटतो, पण फोटोतला खांब बहुधा गालिच्यावर उभा असतो, आणि दगडी खांबाचा पाया कुणी गालिच्यावर घालत नाही, असे त्याचे म्हणणे. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने छायाचित्रणावरच्या १९३१ च्या आपल्या निबंधात हा आक्षेप उचलून धरला, म्हणून तो आजवर टिकला. हेन्री पीच रॉबिन्सनसारखे छायाचित्रकार हयातभर समव्यावसायिकांना अभिरुचीचे धडे देत राहिले. म्हणजे आज आपण गालिच्यावरच्या खांबाला हसतो तेव्हा नवे काहीच करत नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. गिऱ्हाइकांना दिसत होते, टीकाकार ओरडत होते, तरी तो खांब चाळीस वर्षे तिथून हलला का नाही?

पहिले कारण अगदी साधे आहे. माणसाला टेकायला काहीतरी लागे.

ब्रिटनमधला पहिला सार्वजनिक स्टुडिओ रिचर्ड बिअर्डने मार्च १८४१ मध्ये लंडनच्या रीजेंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर काढला. काही महिन्यांतच आंत्वान क्लोदे त्याच्या स्पर्धेत उतरला. रंगवलेला पडदा माणसामागे लावायला सुरुवात करणाऱ्यांत या क्लोदेचे नाव घेतले जाते. उजेड हेच भांडवल असल्यामुळे स्टुडिओ इमारतीच्या माथ्यावर, काचेच्या छपराखाली असत. गिऱ्हाईक तीन-चार जिने चढून धापा टाकत वर येई, आणि आल्यावर त्याला सांगितले जाई की आता हलायचे नाही. सुरुवातीला हे निश्चल बसणे मिनिटाच्या हिशोबात होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची कलोडियनची, म्हणजे ओल्या काचेची पद्धत आली, तेव्हा ते काही सेकंदांवर आले. पण ढगाळ दिवशी पंधरा-वीस सेकंद लागतच. वीस सेकंद उभे राहून पाहा, मान आपोआप डोलते. म्हणून मागे लोखंडी टेकू असे. जड बैठक, उभी दांडी, आणि डोक्याच्या मागे कानांच्या वर बसणारा दोन बोटांचा चिमटा. हात कठड्यावर ठेवला की हात स्थिर, कोपर खांबाला टेकवला की खांदा स्थिर. खुर्चीच्या पाठीला लांब झालर लावली की मागचा टेकू झाकला जाई. हे सामान शोभेचे दिसते, पण निम्म्याहून अधिक वेळा ते आधी आधार असते आणि मग शोभा.

या टेकूची एक भाकडकथा सध्या फार फिरते, तिचा निकाल इथेच लावतो. फोटोतल्या उभ्या माणसाच्या बुटांमागे लोखंडी बैठकीचे पाय दिसले की हा मृतदेह उभा केला आहे, असे ठामपणे सांगितले जाते. मृतांचे फोटो त्या काळी काढत, हे खरे. पण ते निजलेल्या स्थितीत, पलंगावर, शवपेटीत किंवा आईच्या मांडीवर. तो टेकू मेलेल्या माणसाचे वजन पेलू शकतच नव्हता. तो होता जिवंत माणसाची मान डुलू नये म्हणून. बुटांमागे लोखंडी पाय दिसले तर समोरचा माणूस जिवंत होता, एवढे बिनधास्त समजावे. तान्ह्या मुलांच्या फोटोत तर याहून गमतीचा प्रकार दिसतो. मूल एका चादर पांघरलेल्या ढिगावर बसलेले असते आणि तो ढीग म्हणजे त्याची आई असते. तिने मुलाला मागून घट्ट धरलेले असते, आणि फोटो चौकटीत बसवताना तिचे डोके झाकून जाई. माझ्या मते व्हिक्टोरियन स्टुडिओतली सर्वांत कामाची ‘वस्तू’ हीच.

दुसरे कारण धंद्याचे आहे. सुरुवातीच्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे दागेरच्या पद्धतीने काढलेल्या चित्रांत, बहुतेक कमरेपर्यंतचा माणूस असे. मागे साधे कापड किंवा काळोख, आणि भर सगळा चेहऱ्यावर. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती कापून भेटकार्डाएवढ्या, साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. यालाच ‘कार्त द व्हिझित’ म्हणत. किंमत एकदम उतरली. १८६० मध्ये जॉन मेयलने इंग्लंडच्या राजघराण्याची कार्डे विक्रीला काढली, आणि राणीचा फोटो वाण्याच्या बायकोच्याही अल्बममध्ये जाऊन बसला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या कार्डांवर माणूस बहुधा नखशिखान्त, उभा असे. चेहरा झाला वाटाण्याएवढा, आणि त्याच्याभोवती मोकळी जागा उरली. पाय दिसू लागल्यावर जमीन दाखवणे आले, जमीन आली की भिंत हवी, आणि भिंत आली की ती कुणाच्या घरची हा प्रश्न उभा राहिला. स्टुडिओने त्याचे उत्तर पडद्यावर रंगवून ठेवले. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून मोठी ‘कॅबिनेट’ कार्डे निघाली. त्यांत जागा आणखी वाढली आणि सामानही वाढले.

हे सामान बनवणारा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. न्यूयॉर्कला लाफायेट सीव्ही नाटकांचे आणि फोटोंचे, दोन्ही पडदे पुरवी. युरोपातही असे कारखाने होते. कागदाच्या लगद्याचे खडक आणि पोकळ लाकडी खांब तयार मिळत, आणि एका बाजूने पियानो तर दुसऱ्या बाजूने पुस्तकांचे कपाट दिसेल असे दुतोंडी फर्निचरही मिळे. पडदा रंगवणे हे नाटकाच्या पडद्यापेक्षा अवघड काम होते, ते थोडे खोलात सांगायला हवे. त्या काळच्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा जवळजवळ पांढरा उमटे, तांबडा आणि पिवळा काळा पडे. नाटकासाठी रंगवलेले निळे आभाळ आणि तांबूस विटा फोटोत घेतल्या तर आभाळ कोरे आणि भिंत कोळशाची होई. म्हणून फोटोचा पडदा करड्या किंवा तपकिरी छटांतच, सरसात कालवलेल्या बिनचकाकीच्या रंगांनी रंगवत. रंग चकाकला तर छपराचा उजेड त्यावर उमटून सगळा देखावा पांढरा पडे. शिवाय तो मुद्दाम धूसर ठेवत. झाडाचे पान न् पान रेखले, तर डोळा माणसावरून उडून पानावर जाई.

खरी परीक्षा दोन ठिकाणी होती. पडद्यावरची जमीन जिथे संपते आणि स्टुडिओची फरशी जिथे सुरू होते, ती रेघ झाकणे ही पहिली. खोटे गवत, लगद्याचा दगड, अंथरलेले कातडे, बाईच्या झग्याचा घोळ, जे हाताला लागेल ते तिथे पडे. दुसरी परीक्षा उजेडाची. पडद्यावरच्या झाडांवर उजेड डावीकडून पडत असेल तर माणसावरही तो डावीकडूनच पडायला हवा. पडदा मागवताना आपल्या स्टुडिओत उजेड कुठल्या बाजूने येतो हे कळवावे लागे. ज्याने हे धाब्यावर बसवले त्याच्या फोटोत माणसाची सावली एकीकडे आणि मागच्या कारंज्याची दुसरीकडे पडते, जणू दोन सूर्य उगवले आहेत. या संग्रहात अशी चित्रे आहेत, आणि ती मी खराब म्हणून वगळलेली नाहीत.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. या सामानाविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातला बराचसा भाग एकाच वाटेने जातो. हातात पुस्तक आहे, म्हणजे या माणसाला विद्वान दिसायचे होते. मागे वाडा आहे, म्हणजे मध्यमवर्गाला सरदारकीची हाव होती. वाचायला हे छान वाटते. पण ते पुस्तक, तो वाडा आणि तो कठडा त्या माणसाचा नव्हताच. तो दुकानाचा होता. त्याच कठड्याला सकाळी पाद्री टेकला, दुपारी नटी टेकली आणि संध्याकाळी सुट्टीवर आलेला शिपाई टेकला. तिघांच्या मनात एकच स्वप्न होते असे म्हणायचे का?

याचा पुरावा लंडनमध्येच आहे. कामील सिल्व्ही या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५९ पासून साधारण नऊ वर्षे बेजवॉटरमधल्या पोर्चेस्टर टेरेसवर स्टुडिओ चालवला. त्याच्या रोजच्या नोंदवह्या आज तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. प्रत्येक बैठकीला क्रमांक, नाव आणि शेजारी चिकटवलेला एक फोटो. बैठका सुमारे १७ हजार! ही पाने उलटताना एकेका खुर्चीची, एकेका पडद्याची ये-जा दिसते. पश्चिम आफ्रिकेत जन्मलेली, बालपणीच गुलामगिरीत सापडलेली आणि पुढे राणीच्या आश्रयाने वाढलेली सारा फोर्ब्स बोनेटा १८६२ मध्ये लग्नानंतर नवऱ्यासह इथेच फोटोला उभी राहिली. तिचे चित्र आज पुष्कळ ठिकाणी छापले जाते आणि त्यातल्या थाटमाटाचा अर्थ लावला जातो. तो अर्थ लावणाऱ्याने आधी नोंदवहीची पुढची-मागची वीस पाने पाहावीत. थाट कोणता सिल्व्हीचा आणि कोणता साराचा, हे त्यानंतरच बोलता येते. तिची उभे राहण्याची ढब आणि तिची थेट नजर तिची आहे. बाकीचे सामान हिशेबात धरण्यापूर्वी तपासून घ्यायला हवे.

बेन्यामिनलाही हे कळले होते. त्याच्या निबंधात लेखक काफ्काचा लहानपणचा एक फोटो येतो. झालरींनी लगडलेला घट्ट पोशाख, हातात भलीमोठी रुंद टोपी, मागे ताडांची बाग. या पोराला ही बाग नको होती, ती त्याच्यावर लादली गेली, असे बेन्यामिन सुचवतो आणि मुलाच्या उदास डोळ्यांवर बोट ठेवतो. तो स्वतःही लहानपणी स्टुडिओत आल्प्समधल्या डोंगरी माणसाच्या वेषात, रंगवलेल्या बर्फापुढे उभा राहिला होता, त्यामुळे ही बोच आतली आहे. फक्त एवढेच म्हणेन की डोळे उदास असण्याला तो घट्ट पोशाखही कारण असू शकतो.

सामान दुकानाचे म्हटल्यावर दुकानदाराच्या कर्तबगारीकडे पाहिले पाहिजे, आणि तिथे पहिला मान कॅनडातल्या विल्यम नॉटमनचा. स्कॉटलंडमधून १८५६ मध्ये माँट्रिऑलला आलेल्या या माणसाला हिवाळा स्टुडिओत आणायचा होता. बाहेर बर्फात ओल्या काचेचे काम करणे महाकठीण, रसायने गोठायची. म्हणून जमिनीवर मीठ पसरले की बर्फ झाला, मेंढीच्या लोकरीचे ढीग रचले की बर्फाचे उंचवटे झाले, आणि घासूनपुसून लखलखीत केलेला जस्ताचा पत्रा अंथरला की गोठलेले तळे झाले. पडत्या बर्फासाठी फोटो काढून झाल्यावर काचेवर पांढऱ्या रंगाचा बारीक फवारा मारायचा. १८६६ मध्ये त्याने शिकारीच्या चित्रांची मालिका केली. त्यात कर्नल ऱ्होड्स हा खराखुरा शिकारी आहे, त्याचा वाटाड्याही खरा, आणि बंदुका, घोंगड्या, बर्फात चालायचे जाळीदार जोडेही खरे. रात्रीच्या शेकोटीचा उजेड मात्र मॅग्नेशियमची तार पेटवून आणलेला. हवामान आणि हा उजेड सोडला तर त्या चित्रात काहीही खोटे नाही! १८७० मध्ये त्याने बर्फावरच्या वेषांतर-जत्रेचे एक चित्र केले. शेकडो माणसांना एकेक करून स्टुडिओत बोलावून, पोशाखात उभे करून फोटो काढले, मग ते कापून रंगवलेल्या पार्श्वभूमीवर डकवले. प्रत्येकाला आपला चेहरा त्यात ओळखता येई, आणि म्हणून प्रत्येकाला प्रत विकत घ्यावीशी वाटे. नॉटमनला कलावंत म्हणावे की व्यापारी, हा प्रश्न त्याला स्वतःला पडला असेल असे वाटत नाही.

दुसरा न्यूयॉर्कचा नेपोलियन सरोनी. युनियन स्क्वेअरमधल्या त्याच्या स्टुडिओत चिलखते, पुतळे, गालिचे आणि छताला टांगलेली भुसा भरलेली सुसर, असा जुना बाजारच मांडलेला होता. नटनट्यांना पैसे देऊन तो त्यांचे फोटो काढण्याचा हक्क घेई. १८८२ च्या जानेवारीत ऑस्कर वाइल्ड अमेरिकेत व्याख्यानांसाठी आला आणि सरोनीने त्याचे फोटो घेतले. मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, रेशमी मोजे, हातात पुस्तक, हातावर टेकलेले डोके. यातल्या अठराव्या क्रमांकाच्या फोटोच्या ८५ हजार प्रती एका छपाई कंपनीने न विचारता छापल्या. सरोनी कोर्टात गेला. प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड वाटणारा होता. फोटो यंत्र काढते, त्यात लेखक कुठे आहे? १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याचा आधार होता नेपथ्य. वाइल्डला बसवले कसे, पोशाख आणि कापडे निवडली-मांडली कशी, उजेड-सावली योजली कशी, हे सगळे सरोनीच्या डोक्यातून निघाले, म्हणून हे चित्र त्याची निर्मिती. गंमत अशी की कॅमेरा सरोनी स्वतः चालवतही नसे, ते काम त्याचा सहायक करी. छायाचित्रकाराला लेखकाचा दर्जा मिळाला तो कॅमेऱ्यामुळे नव्हे, फर्निचरमुळे.

मुंबईचा धागा इथे येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. शोध लागून पंधरा वर्षे होतात न होतात तोच, १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिथल्या आघाडीच्या हौशींपैकी. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग भरले आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक एतद्देशीय छायाचित्रकार तयार झाले. सोसायटीच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. त्याने मुंबईतल्या रहिवासी आणि येत्या-जात्या ‘जातिजमातीं’ची दोन खंडांची चित्रमाला १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. चित्रांत माणसे घोळक्याने उभी आहेत आणि मागे एखादी इमारत किंवा मोकळा परिसर आहे. प्रत्यक्षात माणसांचे फोटो वेगळे, जागेचे वेगळे, आणि नंतर कापून, जोडून दोन्ही एकत्र छापलेले. बारकाईने पाहिले तर माणसांच्या कडेने कातरीची रेघ जाणवते, पायांखालची सावली जमिनीला चिकटत नाही.

तंत्र तेच, नॉटमनच्या जत्रेचे. पण माझा निवाडा इथे उलटा आहे. माँट्रिऑलच्या माणसांनी आपण कोण दिसायचे ते स्वतः ठरवले होते, आणि बर्फ मिठाचा आहे हे त्यांना ठाऊक होते. जॉन्सनच्या पुस्तकातल्या मुंबईकरांना नावे नाहीत, फक्त जाती आहेत. आणि तो देखावा शोभेसाठी नाही, तर ‘ही माणसे अशी असतात, इथे राहतात’ याची साक्ष म्हणून मागे लावला आहे. गालिच्यावरच्या खांबाने कुणालाही फसवले नाही. जॉन्सनने उसन्या जागेपुढे उभ्या केलेल्या निनावी माणसाने शंभर वर्षे अभ्यासकांना फसवले. खोटेपणा पडद्यात नसतो, पडद्याच्या खाली काय छापले आहे त्यात असतो.

पुढे हे स्टुडिओचे सामान आपल्याकडे रुळलेच. लाला दीनदयाळ यांनी इंदूर आणि सिकंदराबादनंतर १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. त्याआधी १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला होता. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याला शिकून गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवला आणि नाटक कंपन्यांचे पडदेही रंगवले. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांची सुरुवातही नाटकाच्या पडद्यांपासूनच झाली. आपला सिनेमा पडदे रंगवणाऱ्यांच्या हातून जन्मला ही गोष्ट आपण चित्रपटाच्या इतिहासात शिकतो. तिचा दुसरा भाग छायाचित्रणाच्या इतिहासात आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि जत्रेतल्या तंबूत पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेले फोटो ज्यांच्या घरी आहेत, त्यांना या पुस्तकातले आगगाडीचे डबे परके वाटणार नाहीत.

शेवट कसा झाला हे थोडक्यात. १८७० च्या दशकाच्या अखेरीस कोरड्या काचा बाजारात आल्या, उजेडाचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला आणि टेकूची गरज संपली. १८८८ मध्ये कोडॅक निघाला आणि लोक आपापल्या अंगणात फोटो काढू लागले. आधाराची गरज संपल्यावरही सामान मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षे राहिले, नुसते शोभेचे. त्याचा परमोच्च थाट १८९७ च्या जुलैमध्ये लंडनच्या डेव्हनशर हाउसमधल्या वेषांतर-मेजवानीत दिसतो. सगळा उमराववर्ग ऐतिहासिक आणि पौराणिक वेषांत आला होता, आणि बागेतल्या तंबूत लाफायेत कंपनीने स्टुडिओ थाटला होता. ज्यांच्या घरी खरे खांब आणि खरे कठडे होते, ती माणसेसुद्धा खोट्या देखाव्यापुढे हौसेने उभी राहिली. ‘मध्यमवर्गाची हाव’ हे स्पष्टीकरण इथे तरी लागू पडत नाही.

या पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. चित्रे माणसांनुसार न लावता सामानानुसार लावली आहेत. तोच कठडा, तोच पडदा जिथे जिथे आला, ती कार्डे शेजारी शेजारी ठेवली आहेत. कुठलेही चित्र छाटलेले नाही. फाटका गालिचा, पडद्याची गुंडाळलेली कड, टेकूचे पाय, जे मूळ कार्डावर आहे ते सगळे ठेवले आहे. प्रत्येक कार्डाची मागची बाजूही छापली आहे. स्टुडिओचा पत्ता, पदकांची छापील चित्रे आणि पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक तिथेच सापडतो. अमेरिकी कार्डांच्या मागे कराचे तिकीट असेल तर ते कार्ड बहुतेक १८६४ ते १८६६ या दोन वर्षांतले, कारण तो कर तेवढाच काळ होता.

वाचकांना एकच विनंती आहे. घरात पणजोबांच्या, खापरपणजीच्या काळचा स्टुडिओतला फोटो असेल, तर तो मोबाइलने टिपून घेताना फक्त चेहऱ्याभोवती चौकट आवळू नका. कडेपर्यंतचा सगळा फोटो घ्या, पुठ्ठ्यासकट घ्या आणि उलटा करून मागची बाजूही घ्या. नव्या चौकटीत बसवण्यासाठी मूळ कार्डाला कात्री लावू नका. आणि तोच पडदा शेजारच्यांच्या, नातेवाइकांच्या फोटोतही दिसला, तर दोन्ही फोटोंच्या मागे गावाचे आणि माणसांचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनने नको, शाई पुढे फुटते.